मंजूताईला चुकायचं होतं

हा लेख लिहायला बसण्याआधी क्षमा मागायला हवी. मंजूताईवर लिहायला तिचे मार्गदर्शक आहेत, तिच्यासोबत अनेक वर्षं काम केलेली माणसं आहेत. मी तिच्या विभागातला एम.एस्सी.चा साधा विद्यार्थी. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिलाच, आणि पेपरात छापून येईल असं आजवर एक ओळही लिहिलेली नाही. मी तिच्या मार्गदर्शक सरांना म्हटलं होतं, तुम्ही लिहा. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्याच्यानं होणार नाही." मग काकांना, म्हणजे ताईच्या वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "तूच लिही गा. ती काय करत होती ते तुले तरी समजत होतं. आम्हाले तं शेवटपर्यंत समजलं नाई." खरं तर मलाही सगळं समजत नव्हतं. पण जे समजलं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लिहितो आहे. कुठे चुकलो, कोणाला दुखावलं तर सांभाळून घ्यावं. आणखी एक. तिच्याबद्दल "त्या" असं लिहायला हवं हे मला कळतं. पण पहिल्याच दिवशी तिने मला "तू" म्हणायला लावलं होतं, ते आता बदलवत नाही.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. दुपार होती. वॉर्डातला कूलर घरघरत होता आणि त्यातून वाऱ्यापेक्षा ओलसर वासच जास्त येत होता. काका औषधं आणायला खाली गेले होते. मी स्टुलावर बसलो तसे तिने डोळे उघडले.

"पारशिवनी," ती म्हणाली. मला ती माझ्या तालुक्याच्या नावानेच हाक मारायची. "आला का?"

"नाही अजून, ताई."

"हं..." तिने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "माह्यं चुकलं असन तं बहुत बरं होईन गा."

ती वाट बघत होती एका प्रयोगाच्या निकालाची. तिने संगणकावर एक भाकीत केलं होतं, आणि ते खरं की खोटं हे दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत ठरणार होतं. आपलं भाकीत खोटं निघावं म्हणून डोळे लावून बसलेली संशोधक मी दुसरी पाहिलेली नाही. ते भाकीत तिच्याच शरीरातल्या एका प्रथिनाबद्दल होतं. ते खरं निघालं, तर जे तिला झालं ते तिच्या धाकट्या बहिणीला, नूतनताईला, आणि नूतनताईच्या लहान मुलीलाही होण्याची भीती होती. खोटं निघालं, तर त्या दोघी सुटतील अशी आशा होती. स्वतःबद्दल तिने केव्हाच विचारणं सोडलं होतं.

मी विभागात आलो तेव्हा कोणाशी बोलत नसे. तोंड उघडलं की "मले", "तुले" बाहेर पडायचं आणि शहरातली मुलं एकमेकांकडे बघायची. ताई एका कोपऱ्यात बसून पडद्यावर एक रंगीत आकृती गोल गोल फिरवत होती. मी मागे उभा राहून बघत होतो. तिने मान न वळवता विचारलं, "कुठला गा तू?" मी शुद्ध भाषेत सांगू लागलो तशी ती हसली. "मले-तुलेच बोल बाप्पा. या प्रोटीनले सगळं समजते."

घरी मी सांगितलं होतं की मी प्रोटीनवर काम करतो. आमच्या बाबांनी गावात सांगितलं की पोरगा जिमवाल्यांची पावडर बनवून राहिला. दिवाळीला गेलो तर चावडीवरच्या दोन पोट्ट्यांनी डबा मागितला. हे ऐकून ताई इतकी हसली की खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. मग म्हणाली, "आता पुढच्या खेपेले गेला का त्यायले असं सांगजो," आणि टेबलाच्या खणातून तिने एक पाना काढला. नट कसायचा, लोखंडी, साधा पाना. तिचे वडील शाळेची व्हॅन चालवतात. त्यांच्या पेटीतला तो जुना पाना तिने विद्यार्थ्यांना समजावण्यासाठीच आणून ठेवला होता.

"हा पाना कोणत्या नटाले बसन हे सांगाले नट पाहा लागते का? नाई. पान्याचं तोंड पाह्यलं का समजते. बस, आपलं काम हेच."

आमचं काम खरंच तेवढंच आहे. प्रत्येक पेशीत डीएनए असतो, पिळाच्या दोरासारखा, आणि त्या पिळाला खाचा असतात. काही प्रथिनं त्या खाचांमध्ये नेमकी शिरून डीएनएला धरतात आणि मग पेशीत काय सुरू व्हायचं, काय थांबायचं ते ठरतं. बाकीची प्रथिनं डीएनएच्या वाटेला जात नाहीत. कोणतं धरतं आणि कोणतं धरत नाही हे प्रयोगाने ठरवायला महिनोन्‌महिने लागतात. म्हणून प्रथिनाचा त्रिमितीय आकार बघून, त्याच्या अंगावर विजेचा भार कुठे कसा पसरला आहे ते बघून, संगणकाने आधीच अंदाज सांगावा असा प्रोग्राम ताई तयार करत होती. डीएनएच्या अंगावर ऋण भार असतो, त्यामुळे धरणाऱ्या प्रथिनाच्या तोंडाशी धन भाराचा पट्टा दिसतो. पडद्यावर तो निळा दिसायचा. ताई आकृती फिरवत फिरवत त्या निळ्या पट्ट्यावर यायची आणि थांबायची. "हे पाह्य. तोंड उघडून बसलं आहे."

संगणकाला शिकवण्याची एक रीत असते. त्याच्यापुढे हजारो आकार ठेवायचे, हे धरतात, हे धरत नाहीत, असं सांगत जायचं. मग त्याने कधीही न पाहिलेला आकार दाखवून विचारायचं. यात ताईच्या दोन गोष्टी मला आजही कानात ऐकू येतात. एक अशी की "धरत नाही" आणि "धरताना कोणी पाहिलं नाही" या दोन्हींना एका टोपलीत टाकायचं नाही. सगळे टाकतात, कारण टाकलं नाही तर "धरत नाही"ची टोपली जवळजवळ रिकामीच राहते. दुसरी गोष्ट सोयरे वेगळे करण्याची. प्रथिनांचीही घराणी असतात. एकाच घराण्यातली प्रथिनं दिसायला एकमेकांसारखी असतात. शिकवताना एक भाऊ दाखवला आणि परीक्षेत दुसरा भाऊ विचारला, तर संगणक उत्तर बरोबर देतो, पण ते त्याला समजलेलं नसतं, त्याने फक्त नाक-डोळे ओळखलेले असतात. म्हणून आधी सोयरे शोधायचे आणि बाजूला काढायचे. नवीन यादी हातात आली की ताईचा पहिला प्रश्न ठरलेला, "सोयरे काढले का?" कोणी नवीन मुलगा गोंधळून बघायचा आणि आम्ही हसायचो.

तिच्या घरी मी पहिल्यांदा गेलो ते सावजी मटण खायला. त्यांचं घराणं उमरेडचं, हातमागावर विणणाऱ्यांचं. आता माग कोणाकडेच नाही, पण जेवणातला तिखटपणा तसाच आहे. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि काका म्हणत होते, "अजून घे, पहिला घास मारते, मग काई मारत नाई." हात धुवायला आत गेलो तेव्हा मधल्या खोलीच्या भिंतीवर फोटो दिसले, हार घातलेले. ताईची आई, ताईचा मामा, ताईची मावशी. मी उभा राहून बघत राहिलो. काहीतरी खटकत होतं ते लगेच कळलं नाही. मग कळलं. आमच्या घरीही अशी भिंत आहे, तिच्यावर सगळे पिकल्या केसांचे आहेत. या भिंतीवर एकही म्हातारा नव्हता. मामाला तर नुकती मिसरूड फुटलेली दिसत होती, आणि मावशी शाळेच्या गणवेशात होती.

ताई मागे येऊन उभी राहिली. "आईचं सगळं माहेर आहे," ती म्हणाली. "आईले छातीत झालं, मामाले डोक्यात, मावशीले हाडात. सगळ्यायले एकच रोग, जागा वेगळी."

मामाचा तो फोटो लग्नाआधीचा होता. पुढे त्याचं लग्न झालं, दोन मुलं झाली आणि मुलं लहान असतानाच तो गेला. ती मुलं आता मोठी आहेत, उमरेडलाच राहतात. त्या सगळ्यांचा समज असा की मामाच्या आणि ताईच्या घरामागच्या सामाईक विहिरीचं पाणी वाईट. काकांचाही तोच. ताईची आई गेल्यावर त्यांनी विहिरीपासून दूर जायचं म्हणून उमरेड सोडलं आणि दोन मुलींना घेऊन नागपूरला आले. मोठी झाल्यावर मामाच्या मुलांनी विहीर बुजवून टाकली. उमरेड सोडलं तेव्हा ताई शाळेत होती. "बाबा म्हणले, पाणी बदललं, आता सुटलो," एवढं सांगून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

त्यानंतर वर्ष गेलं नाही तोच ताईच्या छातीत गाठ निघाली.

तिने ते आम्हाला सांगितलं तेही कामाच्या यादीसारखं. अमुक दिवशी ऑपरेशन, नंतर औषधाच्या फेऱ्या, तोवर हा भाग तू बघ, तो भाग ती बघेल. केस गेले तेव्हा डोक्याला सुती रुमाल बांधून यायला लागली. तोंडात फोड आले होते, तिखट चालत नव्हतं. आम्ही डबे उघडले की ती शेजारी येऊन बसायची. "तुम्ही खा. मी वास घेऊन जेवून राहिली." त्या वयात तो आजार आणि घरातला तो इतिहास बघून दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या जनुकांची तपासणी करायला सांगितली होती. तपासणीत एक बदल सापडला. पेशीतल्या डीएनएला इजा झाली की धावून जाऊन त्याला धरणारं आणि बिघडलेल्या पेशीला वाढू न देणारं एक प्रथिन आपल्या सगळ्यांत असतं. ताईच्या त्या प्रथिनात, शेकडो कड्यांच्या साखळीत, एक कडी वेगळी होती. पण तो बदल आधी फारसा कोणात पाहिला गेलेला नव्हता. म्हणून रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की या बदलाचा अर्थ अनिश्चित आहे. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं, पुढे माहिती वाढली तर अर्थ बदलू शकतो, आणि तोवर या बदलासाठी नातेवाइकांची तपासणी करण्यात मतलब नाही, कारण सापडला तरी त्याचं काय करायचं ते सांगता येणार नाही.

काकांनी यातून जे घेतलं ते मी स्वतः ऐकलं. शेजारी विचारायला आले होते. काका म्हणाले, "रिपोर्ट साफ आहे. काई निघालं नाई."

ताई आतून म्हणाली, "बाबा, काई निघालं नाई असं नाई म्हणले ते. समजलं नाई असं म्हणले."

"एकच झालं ना बेटा."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मला आमच्या टोपल्या आठवल्या.

दुसऱ्या दिवसापासून तिने आपलंच प्रथिन पडद्यावर घेतलं. सर आधी नको म्हणाले, मग गप्प बसले. बदल नसलेलं प्रथिन आणि बदल असलेलं प्रथिन, दोन्हींचा आकार काढला आणि एकावर एक ठेवला. फरक दिसेना. मग दोन्ही तिच्या प्रोग्रामला दिले. त्याने दोन्हींबद्दल ठामपणे सांगितलं, डीएनएला धरतं. आमच्या विभागात त्या दिवशी समोसे आले. कोणीतरी तिच्या रुमालाला फूल खोचलं. ती हसत होती, सगळ्यांसोबत बोलत होती. मी घरी फोन करून आईला सांगितलं की ताईच्या घरावरचं संकट टळलं. आईने देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी आलो तर ताई माझ्या आधी येऊन बसली होती. पडद्याकडे बघत तिने विचारलं, "पारशिवनी, या यादीतले सोयरे कोणी काढले होते?"

यादी जुनी होती. आमच्याही आधीच्या विद्यार्थ्यांनी केलेली, सगळे तीच वापरायचे. आम्ही तपासायला बसलो. बाकीची घराणी व्यवस्थित वेगळी केलेली होती. पण ज्या घराण्यात ताईचं प्रथिन होतं ते इतकं प्रसिद्ध, इतकं अभ्यासलेलं, की त्याचे सोयरे वेगवेगळ्या नावांनी यादीत पसरले होते आणि सगळे "धरतात" याच टोपलीत होते. प्रोग्रामने ताईच्या प्रथिनाचं तोंड पाहिलंच नव्हतं. या घराण्यातलं आहे ना, मग धरत असणार, असं म्हणून त्याने पास करून टाकलं होतं.

"आपणही असंच करतो ना," ताई म्हणाली. "चांगल्या घरचं आहे म्हटलं का झालं." हे ती हसत म्हणाली, पण तिचा हात माउसवरून निघत नव्हता.

उन्हाळा भरात होता. विभागातला कूलर पाणी टाकूनही गरम हवा फेकत होता, संगणक तापून मधेच बंद पडत होते. ताईने त्या घराण्यातला एकूण एक सोयरा शोधून काढला आणि प्रोग्रामला पहिल्यापासून शिकवायला घेतलं. आकारासोबत भाराचा पट्टा बारकाईने मोजायचं नवं कलमही घातलं. बदलामुळे पट्ट्यातली एक धन भाराची कडी गेली होती आणि त्या जागी निळ्या रंगात एक पांढरा डाग दिसत होता. आधीही तो तिथेच होता. आम्हीच बघितला नव्हता. माझ्या मनात येत होतं, हे सगळं राहू दे, समोसे खाल्ले तो दिवसच खरा मानू. मी तसं एकदा बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "आणि नूतनले काय सांगू? समोसे खाल्ले म्हणून?"

नवा प्रोग्राम तयार झाला. तिने आधी बदल नसलेलं प्रथिन दिलं. धरतं. मग आपलं दिलं.

उत्तर यायला क्षणही लागला नाही. धरत नाही. मी मागे उभा होतो. तिने ते वाचलं, खुर्ची थोडी मागे सरकवली आणि पाण्याची बाटली उघडून दोन घोट प्यायली. मग तिने मला विचारलं, "काही चुकलं का गा माह्यं? पाह्य बरं." मी पाहिलं. सरांनी पाहिलं. तिनेच पुन्हा पाहिलं. चूक सापडत नव्हती. आम्ही तिघे चूक सापडावी म्हणून इतकं मन लावून पडद्यासमोर कधी बसलो नव्हतो.

सर म्हणाले, "मंजूषा, हे संगणकाचं म्हणणं आहे. डॉक्टर एवढ्यावर काही करू शकत नाहीत आणि त्यांनी करूही नये."

"म्हणून तर सर, खरं करून बघू," ती म्हणाली.

सरांचे एक मित्र दुसऱ्या शहरात प्रयोगशाळा चालवतात. ते तयार झाले. दोन्ही प्रथिनं प्रत्यक्ष बनवायची, डीएनएसोबत मिसळायची आणि जेलीसारख्या पातळ पट्टीतून विजेच्या जोरावर सरकवायची. धरलेला डीएनए जड होऊन मागे राहतो, मोकळा पुढे पळतो. सांगायला सोपं आहे. पण पहिल्या खेपेला ताईच्या प्रथिनाची गुठळी झाली आणि ते फेकून द्यावं लागलं. बदल नसलेल्याची झाली नव्हती. हे कळलं तेव्हा ताई "अच्छा" एवढंच म्हणाली. त्याच आठवड्यात तिच्या फुप्फुसात आजार पुन्हा दिसला. दोन्ही बातम्या जवळजवळ हातात हात घालून आल्या.

आता ती घरीच असायची. मी संध्याकाळी जायचो. एकदा नूतनताई सावनेरहून, सासरहून, मुलीला घेऊन आली होती. पोरगी जेमतेम बोलायला लागलेली. तिने आल्या आल्या ताईच्या डोक्यावरचा रुमाल ओढला आणि टाळ्या वाजवत ओरडली, "मावशी टकली!" नूतनताईने तिला रागावलं, पण ताईने तिला मांडीवर घेतलं आणि गुदगुल्या करायला लागली. मानेखाली, काखेत, पोटावर. पोरगी खिदळत होती. मी समोर बसलो होतो म्हणून मला दिसलं, ताईची बोटं प्रत्येक जागी क्षणभर थांबत होती. दाबून बघत होती.

"काय वं ताई, पोट्टीले दाबून दाबून काय पाहून राहिली? डॉक्टरीण झाली का?" नूतनताई म्हणाली.

"किती जाडी झाली ते पाहून राहिली वं. सासूबाई तूप बहुत चारते वाट्टे."

"चारते ना. मलेबी चारते. म्हणते, तुह्या माहेरचे सगळे लवकर जातात, तू तरी टिक." नूतनताई हसली. बाहेर भाजीवाल्याची गाडी गेली, त्याचा भोंगा तेवढा ऐकू येत राहिला.

त्या दोघी परत गेल्यावर काका आणि ताईचं बोलणं झालं. काका दाराशी उभे होते. "तिले काई सांगू नको मंजू. सासरी आहे पोरगी. उद्या त्यायनं म्हटलं का रोगाचं घर आहे, तं?"

"मी काई सांगून नाई राहिली बाबा. पक्कं नाई तोवर नाई सांगणार."

"आन पक्कं झालं तं?"

"तं तुम्ही सांगजा. माह्यावर रागावन ती."

काका व्हॅन पुसायला बाहेर गेले. व्हॅन सकाळीच पुसून झाली होती.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. दवाखान्यातली ती भेट मी सुरुवातीला लिहिली आहे. पुढे एका सकाळी मी विभागात होतो तेव्हा काकांचा फोन आला. "मंजू गेली गा..." मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. तिच्या संगणकावर तिनेच लावून दिलेला एक हिशेब अजून चालू होता, मला तो बंद करावा की चालू ठेवावा कळेना. मी तसाच सोडून निघालो.

तेरवी झाली. सर आणि मी उमरेडला गेलो होतो, कारण तेरवी तिथल्या जुन्या घरी करायची असं काकांनी ठरवलं होतं. मामाची दोन्ही मुलं वाढायला होती, धाकटी-थोरली, दोघंही धडधाकट, पाहुण्यांना आग्रह करकरून वाढणारी. एकाने मला विचारलं, "नागपूरलेबी पाणी खराबच आहे का हो?" मी सरांकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली. तेव्हा आमच्या हातात सांगण्यासारखं काही नव्हतं.

निकाल तेरवीनंतर आला. सरांनी मला खोलीत बोलावलं आणि पडद्यावरचं चित्र दाखवलं. करड्या पट्टीवर काळ्या रेघा. बदल नसलेल्या प्रथिनाच्या रांगेत डीएनए मागे, वरच्या बाजूला अडकून राहिला होता. ताईच्या प्रथिनाच्या रांगेत तो मोकळा सुटून खाली पळाला होता. सरांच्या मित्राने पुन्हा पुन्हा करून पाहिलं होतं. सर म्हणाले, "बरोबर होती ती." मग त्यांनी चष्मा काढला. विभागातल्या कोणाचं भाकीत खरं ठरलं तर आम्ही एकमेकांना टाळ्या देतो... त्या दिवशी बाहेर बसलेल्या मुलांनी दारातून आमचे चेहरे पाहिले आणि ती पुन्हा आपापल्या पडद्याकडे वळली.

सरांनी निकाल डॉक्टरीणबाईंकडे नेला. हा प्रयोग आणि घरातला सगळा इतिहास एकत्र ठेवून दवाखान्याने त्या बदलाचा अर्थ नव्याने लावला. आता अनिश्चित नव्हता. बहिणीची तपासणी करावी असं त्यांनी सांगितलं. ज्यांच्यात हा बदल असेल त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवता येतं, गाठ तांदळाएवढी असताना पकडता येते, हेही सांगितलं. काका ऐकत बसले होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे इहिरीचं पाणी नव्हतं?" मग उठले, व्हॅन काढली आणि एकटेच सावनेरला गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.

नंतर नूतनताईचा मला फोन आला. "भाऊ, ते धरत नाई म्हणजे काय होते ते मले समजावून सांग. बाबाले विचारलं तं बाबा रडतात." मी पान्याचं सांगितलं. पाना दिसायला तसाच असतो, पण एक दात झिजला की नटावरून घसरतो. ती म्हणाली, "समजलं." तपासणीला ती नवऱ्यासोबत गेली. सासूला काय सांगितलं विचारलं तर म्हणाली, रक्त कमी आहे म्हणून सांगितलं. हे कोणाला कळू देऊ नको, असंही म्हणाली. म्हणून या लेखात मी इथेच थांबणार होतो. तिची तपासणी, तिचा निकाल, यातलं काही लिहायचं नाही असं ठरवून मी शेवटची ओळ शोधत होतो.

काल तिचा फोन आला. मागे पोरगी कशासाठी तरी हट्ट करत होती.

"माह्यात आहे, भाऊ," ती म्हणाली.

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"काहून चूप झाला गा? पहिली तपासणी सोमवारी आहे. पोट्टीचं रक्तबी त्याच दिवशी देतो." मुलीला तिने कोणाकडे तरी दिलं असावं, कारण मागचा आवाज दूर गेला. "तू ताईवर लिहून राहिला ना? हेबी लिहून टाकजो. सासूबाईले आजच सांगतो मी. मामाच्या पोट्ट्यायलेबी तपासणी लागन. भेतात, फोन उचलत नाई गा आमचा, पण पेपर वाचतात."